आधी कपाट, मग काच: सोलापूरच्या घरात फिश टँक स्वतः बांधताना

बहुतेक घरांत फिश टँक उलट्या क्रमाने येतो. आधी काचेची टाकी आवडते, ती रिक्षातून घरी येते, मग तिच्यासाठी टेबल शोधलं जातं आणि शेवटी टेबलामागे जमिनीवर एक्स्टेन्शन बोर्ड टाकला जातो. माझी पहिली टाकी अशीच आली. खाली पार्टिकल बोर्डचं तयार स्टँड होतं. फिल्टरच्या नळीतून थेंब थेंब पाणी मुरत राहिलं, बोर्डाची कड फुगली, एक पाय दोन सूत खचला आणि एका पहाटे तळाची काच कोपऱ्यापासून तडकली. हॉलभर पाणी झालं. एकही मासा वाचला नाही. जमिनीवर पडलेल्या त्या एक्स्टेन्शन बोर्डाचा स्विच बंद करायला मी ओल्या फरशीवरून अनवाणी गेलो होतो, ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुसरी टाकी बांधली ती आधी जागा, मग कपाट, मग वीज आणि सगळ्यात शेवटी काच या क्रमाने. हाच क्रम इथे सविस्तर देतो आहे.

माप आणि वजन

माझी टाकी बाहेरून 900 × 450 × 450 मि.मी. आहे, म्हणजे साधारण तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काच 10 मि.मी. जाडीची. पहिल्यांदा बांधणाऱ्याने याहून मोठी टाकी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उंचीसोबत काचेवरचा दाब वाढतो आणि चुकीला माफी उरत नाही.

वजनाचा हिशोब कागदावर मांडा. काचेचा साधा नियम असा की एक चौरस मीटर काच दर मि.मी. जाडीला अडीच किलो भरते. या टाकीची काच 42 किलोच्या आसपास जाते. पाणी वरून दोन इंच कमी भरलं तरी 145 लिटर, म्हणजे तेवढेच किलो. वाळू-दगड 30 किलो आणि कपाट 35 किलो धरलं की एकूण अडीचशे किलो होतात. हे सगळं अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर उभं राहणार आहे. घराचा स्लॅब सर्वसाधारणपणे दर चौरस मीटरला 200 किलो वापराचं वजन धरून केलेला असतो. त्यामुळे वरच्या मजल्यावर टाकी खोलीच्या मधोमध ठेवू नका. ती भिंतीला लागून, बीमच्या जवळ घ्या. याहून मोठी हवी असेल तर आधी इंजिनिअरला जागा दाखवा.

आपल्याकडे जुन्या पेठांत अजून बरीच माळवदाची घरं आहेत. लाकडी तुळयांवर माती टाकून केलेल्या मजल्यावर फिश टँक ठेवायचा नाही, कितीही लहान असला तरी. खालच्या मजल्यावर, फरशीवरच ठेवा.

दुसरी गोष्ट उन्हाची. पश्चिमेची भिंत टाळा. एप्रिल-मेमध्ये ती भिंत रात्री दहालाही हाताला गरम लागते आणि टाकी तिला टेकलेली असेल तर पंखे लावूनही पाणी थंड होत नाही. थेट ऊन येणाऱ्या खिडकीसमोरही नको, काचेवर शेवाळ धरतं.

कपाट

लाकूड मी जुनं घेतलं. जुनं घर पाडलं की सागाच्या तुळया आणि चौकटी विकायला येतात. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड पुन्हा पिळत नाही, आणि पाण्याशेजारी उभ्या राहणाऱ्या कपाटाला हा गुण सोन्यासारखा आहे. घेताना लाकडावरून चुंबक फिरवा. आत मोडलेले खिळे असतात आणि ते रंध्याचं पातं खातात. टोकाला टोचा मारून पाहा. भुसा पडला तर वाळवी लागलेली आहे, ते लाकूड सोडून द्या.

प्लाय 18 मि.मी. जाडीचा, बीडब्ल्यूपी दर्जाचा, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा घ्या, ज्यावर आयएस 710 असा शिक्का असतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड या कामात अजिबात नको, वरून कितीही चांगला सनमायका असला तरी.

सांगाडा असा: अडीच बाय दोन इंचाचे सहा पाय, चार कोपऱ्यांत आणि दोन मध्ये. पुढचा मधला पाय दोन दारांच्या मध्ये येतो, त्यामुळे तो दिसत नाही. वर चारही बाजूंनी अडीच इंच उंचीच्या आडव्या पट्ट्या. आता सगळ्यात महत्त्वाचं: आडवी पट्टी पायाच्या अंगाला स्क्रूने लटकवायची नाही. पायाच्या डोक्यावर अर्ध्या जाडीची खाच पाडायची आणि पट्टी त्या खाचेत बसवायची, म्हणजे टाकीचं वजन लाकडावरून लाकडावर जात सरळ जमिनीत उतरतं. स्क्रूचं काम फक्त पट्टी जागेवर धरायचं. सगळं वजन स्क्रूवर आलं तर तो वर्षा-दोन वर्षांत लाकडात रुतत जातो आणि वरचा भाग एका बाजूला झुकतो. हे डोळ्यांना दिसत नाही, काचेला मात्र जाणवतं.

खाच पाडताना करवतीने दोन्ही कडांना काप घ्या आणि मधलं लाकूड पटाशीने थोडं थोडं काढा. एकदम खोल जाऊ नका. पट्टी खाचेत हलक्या ठोक्याने बसली पाहिजे. हाताने सैल सरकली तर खाच मोठी झाली, ती जागा लाकडाच्या पातळ चकतीने आणि वॉटरप्रूफ फेव्हिकॉलने भरा, लांबीने (पुटीने) भरू नका. पुटी वजन पेलत नाही.

सांगाडा उभा केला की गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावाच, पण कर्णही मोजा. माझ्या सांगाड्याचं बाहेरचं माप 910 × 460, त्याचा कर्ण 1020 मि.मी. येतो. दोन्ही कर्णांत दोन मि.मी.पेक्षा जास्त फरक असेल तर फेव्हिकॉल ओला असतानाच दाबून सरळ करा.

मागची बाजू उघडी सोडायची सवय अनेक सुतारांना असते, नळ्या-वायरी सोप्या जातात म्हणून. ती सोडू नका. मागचा 12 मि.मी. प्लायच कपाटाला डावी-उजवीकडे झुलू देत नाही. तो चारही कडांना दर सहा इंचांवर स्क्रू मारून बसवा आणि नळ्यांसाठी त्यातच गोल भोकं पाडा. वरचा प्लाय 920 × 470 चा ठेवा, म्हणजे टाकीच्या काचेची प्रत्येक कड खालच्या लाकडी पट्टीच्या बरोबर वर येते.

रंगाआधी प्लायच्या सगळ्या कापलेल्या कडांना इपॉक्सीचे दोन हात द्या. पाणी नेहमी कडेतूनच शिरतं. आतून पांढरा इपॉक्सी रंग लावला तर गळतीचा पहिला ओघळ लगेच दिसतो. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. पायांखाली शहाबादी फरशीचे छोटे तुकडे किंवा प्लास्टिकच्या चकत्या ठेवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडाला लागत नाही.

लेव्हल मी गवंड्याच्या पारदर्शक नळीने केली. नळीत पाणी भरून दोन टोकं दोन कोपऱ्यांना धरली की एक मि.मी.चा फरकही कळतो. फरक निघाला तर पायाखाली कडक पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी घाला. टाकीखालच्या थर्माकोलवर भिस्त ठेवू नका. तो बारीक खडबडीतपणा झाकतो, कपाटाचा पीळ झाकत नाही.

वीज

आधी भार मोजा. एलईडी लाइट 30 वॉट, कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा) 20, हवेचा पंप 4, दोन लहान पंखे मिळून 5, थंडीतला हीटर 100. सगळं एकदम चालू असलं तरी 160 वॉट, म्हणजे एक अँपिअरही नाही. हीटर सोडला तर महिन्याला 27-28 युनिट. बिलाची काळजी नको, काळजी पाण्याची आहे.

यंत्रमागाच्या या गावात मोटारी आणि स्टार्टर जाणणारा वायरमन गल्लोगल्ली मिळतो. मेन बोर्डापासूनची लाइन परवानाधारक वायरमनकडूनच ओढून घ्या, पण काय हवं ते आपणच सांगायचं: टाकीसाठी स्वतंत्र लाइन, दीड चौरस मि.मी.ची तांब्याची वायर, अर्थिंगसह तिन्ही तारा, 6 अँपिअरचा एमसीबी (भार जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह यांत फरक पडला, म्हणजे वीज पाण्यातून किंवा अंगातून जमिनीत जाऊ लागली, की तो क्षणात लाइन तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर लाइन गेली नाही तर तो आरसीसीबी बदलून घ्या.

अर्थिंग आहे म्हणजे ते चालतंच असं नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि जमिनीशी संपर्क कमी होतो. मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. वर्षातून एकदा वायरमनकडून मोजून घ्या.

कपाटाच्या आत मी प्लायचा उभा पडदा घालून दोन कप्पे केले, डावा ओला आणि उजवा कोरडा. फिल्टर, नळ्या, बादली डावीकडे. स्विचबोर्ड उजवीकडे, जमिनीपासून दीड फूट वर, आणि प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र स्विच. त्यावर नावं लिहून ठेवली: लाइट, फिल्टर, हवा, पंखे, हीटर. रात्री घाईत चुकीचं बटण दाबलं जात नाही, आणि मी गावाला गेलो तर घरचे कोणीही सांभाळू शकतात.

प्रत्येक वायर सॉकेटला जाण्याआधी खाली झोल देऊन मग वर न्यायची. यात कसूर नको. काचेच्या कडेवरून निघालेला थेंब वायरला धरून उतरतो. वायर सरळ सॉकेटला गेली असेल तर तोही सरळ सॉकेटात जातो. झोल असेल तर तळाशी लोंबतो आणि टपकतो. माझ्या झोलाखाली स्टीलची जुनी ताटली ठेवली आहे. पहिल्याच महिन्यात त्या ताटलीत रुपयाएवढं पाणी साचलेलं दिसलं, वर पाहिलं तर हवेच्या नळीतून पाणी उलटं येत होतं. हवेचा पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला की वीज गेल्यावर असं होतं. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) टाकला आणि ते थांबलं.

इन्व्हर्टरवर फक्त फिल्टर आणि हवा जोडा, हीटर नको. इथे एक बारकावा आहे: इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल आरसीसीबीच्या पलीकडच्या न्यूट्रलशी मिसळला तर आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि कंटाळून लोक तो काढूनच टाकतात. वायरमनला दोन्ही न्यूट्रल वेगळे ठेवायला सांगा आणि मेन बंद करून, इन्व्हर्टरवर असतानाही टेस्ट बटण दाबून पाहा. इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँकवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवा. वळवाच्या पावसात तास-दोन तास लाइट गेली तरी मासे तरतात.

काच आणि सिलिकॉन

काचवाल्याला माप मि.मी.मध्ये लिहून द्या, तोंडी इंच-सूत सांगू नका. दहा मि.मी. साध्या काचेचे तुकडे असे:

तळ 900 × 450, एक
पुढची आणि मागची 900 × 440, दोन
बाजूच्या 428 × 440, दोन
वरच्या कडेच्या आधारपट्ट्या 870 × 50, दोन

बाजूच्या काचा पुढच्या-मागच्या काचांच्या मध्ये बसतात. 450 मधून दोन काचांचे 20 आणि सिलिकॉनच्या दोन फटींचे 2 मि.मी. वजा केले की 428 येतात. कडा मशीनने घासून घ्या. घरी आणल्यावर दोन्ही लांब काचा एकमेकींवर ठेवून बोटाने कड तपासा. अर्धा मि.मी. फरकही बोटाला लागतो.

सिलिकॉन मत्स्यटाकीसाठीचं, व्हिनेगरसारखा वास येणारं. बाथरूमसाठी मिळणारं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना विषारी असतं. हे सिलिकॉन हवेतली वाफ शोषून पक्कं होतं. त्यामुळे आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वर साय धरली तरी आतला भाग सावकाश पक्का होतो. मी जुलैत, सकाळी सहाला काम सुरू केलं. उन्हाळ्यातच करणार असाल तर खोलीत ओली चादर वाळत घाला आणि पंखा बंद ठेवा.

कडा अल्कोहोलने पुसा, पुसल्यावर बोट लावू नका. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा. तळाच्या काचेवर मागच्या बाजूने चार-पाच मि.मी.ची सलग धार सोडा, मागची काच उभी करा, मग एक बाजू, दुसरी बाजू आणि शेवटी पुढची काच. जोर देऊन दाबू नका. सगळं सिलिकॉन बाहेर आलं तर सांधा कोरडा राहतो, मध्ये एक मि.मी. थर उरला पाहिजे. कोपऱ्यांना बाहेरून टेप ओढून बांधा. मग आतल्या कोपऱ्यात दुसरी धार सोडून साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात वरून खाली फिरवा. बोट मध्येच उचललं की तिथे खळगा राहतो. साय धरायच्या आत, म्हणजे दहा मिनिटांत, मास्किंग टेप काढा. सगळे सांधे एकाच बैठकीत करायचे, कारण वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. दोन माणसं हवीतच.

दुसऱ्या दिवशी आधारपट्ट्या वरच्या कडेपासून एक सें.मी. खाली आतून चिकटवा. मग आठवडाभर टाकीला हात लावू नका.

गळती तपासायला नळ येण्याच्या दिवसाची वाट पाहा. आपल्याकडे रोज पाणी येत नाही, साठवणीच्या हौदातलं दीडशे लिटर यात घालवणं परवडत नाही. अंगणात सपाट जागी थर्माकोलवर टाकी ठेवा आणि चहूबाजूंनी कोरडे वर्तमानपत्र लावा. एक तृतीयांश भरून तासभर थांबा, मग निम्मी, मग पूर्ण. 48 तास तशीच राहू द्या. कागदावर ओला डाग उमटला की गळती नेमकी कुठे ते कळतं. हे पाणी नंतर झाडांना आणि अर्थिंगच्या खड्ड्याला घालता येतं. टाकी उचलायची ती रिकामी करूनच.

पाणी, दगड, उकाडा

टाकीत दगड घालताना एक चाचणी करा. दगडावर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फेस आला तर तो चुनखडीचा आहे आणि आधीच जड (क्षार जास्त) असलेलं पाणी अजून जड करेल. शहाबादीचे तुकडे म्हणूनच आत नकोत. आपला काळा दगड उत्तम, कुठेही मिळतो आणि पाण्यात काहीच सोडत नाही. वाळूचीही हीच चाचणी घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

नळाच्या ताज्या पाण्यात क्लोरीन असतो. एक-दोन दिवस उघड्या भांड्यात ठेवलेलं पाणी चालतं, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब टाका. त्यानंतर मासे नाहीत, चार ते सहा आठवडे नुसता फिल्टर चालवायचा. त्यात रोज चिमूटभर खाद्य टाका, म्हणजे अमोनिया तयार होतो, आणि त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढतात. ओळखीच्या कुणाच्या चालत्या टाकीतला स्पंज पिळून घातला तर हे लवकर होतं. आपल्याकडे इथे जास्त सावध राहायला हवं. पीएच (पाणी आम्लारी की आम्लधर्मी याचं माप) एकने वाढला की अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो, उष्णतेने तो अजून वाढतो, आणि आपलं जड पाणी पीएच वर ठेवतं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासे आणू नका.

मासे पाण्याला साजेसे निवडा. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड पाणी मानवतं. डिस्कस आणि निऑन या मऊ पाण्याच्या माशांसाठी पाणी बदलत बसण्यात तुमचाही जीव जातो आणि त्यांचाही. सुरुवातीला सहा-आठच आणा. आणि नको झालेला मासा सिद्धेश्वर तलावात किंवा संभाजी तलावात कधीही सोडू नका. शोभेचा म्हणून आणलेला सकर मासा असाच बाहेर पडून जलाशयांत पसरतो.

उन्हाळ्यात पाणी 34 अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी राहतो. 25 अंशांना लिटरमागे सुमारे 8 मि.ग्रॅ. मावतो, 34 ला 7. आधारपट्टीवर 12 व्होल्टचे दोन पंखे पाण्यावर तिरकी हवा मारतील असे लावा आणि तापमान कंट्रोलरवर 29 अंश ठरवा. आपली कोरडी हवा इथे कामी येते, पाणी बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश थंड राहतं. मात्र रोज दोन-तीन लिटर उडतं आणि क्षार मागे राहतात, म्हणून भर घालताना आरओचं शुद्ध पाणी घाला. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी घालायचं नाही, त्यात क्षार अजून जास्त असतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्यांचा उपयोग घटतो, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो.

पाणी बदलण्याआधी पंधरा मिनिटं हीटर बंद करा. तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की त्याची काच फुटते. टाकीत हात घालण्याआधी बाकीचे स्विचही बंद.

टाकी भरून महिना झाला की कपाटाची दोन्ही दारं लावा आणि मधली फट वर आणि खाली मोजा. पहिल्या दिवशीचं माप पायावर पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असावं. माझ्याकडे तेव्हा तीन मि.मी. होती, आजही तीनच आहे. फट वर-खाली वेगळी दिसली तर एक पाय बसतो आहे. तेव्हा निम्मं पाणी काढा, नळी लावून पुन्हा लेव्हल घ्या, पायाखाली पट्टी सारा आणि मगच पाणी भरा.